मेळघाटातला मुक्काम: खोली, तंबू आणि आपली हौस

सोयाबीन घरात आले आणि कपाशीचा पहिला वेचा उरकला की आमच्या अंजनगाव-दर्यापूर भागात मेळघाटात दोन दिवस राहून येण्याचा विषय हमखास निघतो. अलीकडे पहिली चौकशी होते ती तंबूंची, मग शेकोटीची, आणि त्यानंतर स्पीकर लावू देतात का याची. पाणी कुठून येते, त्या महिन्यात रान कसे असते, रात्री अंगणात कोणाचा वावर असतो, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे मत स्पष्ट आहे आणि ते अनेकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. मेळघाटात राहायचे तर वनखात्याचे जुने विश्रामगृह किंवा गावातल्या एखाद्या कोरकू आदिवासी कुटुंबाने पाहुण्यांसाठी राखलेली खोली घ्यावी, एकाच जागी दोन रात्री काढाव्यात, आणि तंबू-शेकोटीची हौस आपापल्या शेतात भागवून घ्यावी.

आधी ऋतूचे पाहू. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदरा धुक्यात बुडालेला असतो, भीमकुंडाच्या दरीत पाणी कोसळत असते, आणि नेमक्या त्याच शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूरच्या गाड्या घाटात एकामागे एक अडकून पडतात. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा तेव्हा पर्यटनासाठी बंद असतो, त्यामुळे पावसाळ्यातला मुक्काम म्हणजे चिखलदऱ्याचा मुक्काम, जंगलाचा नव्हे. एप्रिल-मेमध्ये साग उघडा पडतो आणि दुपारी बाहेर पाय ठेववत नाही. त्या दिवसांत जनावर पाणवठ्यावर दिसते हे खरे, पण लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर तो हट्ट धरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच राहण्याचा काळ. अडचण एवढीच की नेमका तोच आपला वेचणीचा आणि हरभऱ्याचा काळ असतो, म्हणून दोन वेच्यांमधले चार दिवस हेरून खोली आधीच ऑनलाइन राखून ठेवावी लागते. वेळेवर बघू, हा आपला वऱ्हाडी स्वभाव इथे कामाचा नाही. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे पारा कधीकधी पाच अंशांच्या आसपास उतरतो. विश्रामगृहातल्या ब्लँकेटवर भिस्त न ठेवता घरची एक जाड चादर गाडीत टाकावी.

तंबूला माझा विरोध शोभेपायी नाही. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपेतल्या माणसाला बहुधा कळतच नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. आपल्याकडे शेतात जागलीला जाणारा माणूस खाटेवर किंवा माळ्यावर झोपतो, त्यामागे हेच शहाणपण आहे. दुसरी गोष्ट गवताची. पावसाळ्याच्या अखेरीस उंच गवतात चिगर नावाचा बारीक किडा असतो आणि त्याच्या चावण्यातून स्क्रब टायफस होतो. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत या तापाने बरीच माणसे आजारी पडली होती. चावल्या जागी, बहुतेक वेळा काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ताप आणि ही खपली एकत्र दिसली तर डॉक्टरांना आपण रानात राहून आलो हे आवर्जून सांगावे, कारण औषध साधे आणि गुणकारी आहे, फक्त वेळेवर सुरू व्हायला हवे. सेमाडोह-हरिसालच्या पट्ट्यातून रात्री रुग्ण हलवायचा म्हणजे परतवाड्याकडे किंवा धारणीकडे घाटवळणांची वाट तुडवावी लागते, हे मुक्काम ठरवतानाच डोक्यात असावे.

शेकोटीबद्दल तर मी अधिकच कडक आहे. मेळघाट हे मुख्यतः सागाचे पानगळी जंगल आहे, आणि जानेवारीच्या शेवटापासून जमिनीवर कोरड्या पानांचा असा थर साचतो की पाऊल टाकले तरी कुरकुरतो. वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम मानते आणि त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्या, काढून ठेवते. राखीव जंगलात विस्तव पेटवणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे, हे रिसॉर्टवाल्याला ठाऊक असते. पाहुण्याला ते सांगण्यात त्याला रस नसतो. शिवाय शेकोटीची लाकडे येतात कुठून, हा प्रश्न कोणी विचारतो का? तीच मोळी गावातली बाई डोक्यावर वाहून आणते आणि तिच्यावर तिची चूल पेटते. रोडगे आणि वांग्याची भाजी करायची असेल तर आपल्या धुऱ्यावर गोवऱ्या रचाव्यात; तिथे कोणाचीही हरकत नाही.

आवाजाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. पुढे या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलाच्या आतून उठून अकोटकडे गेली, आणि त्यांच्यामागून आणखीही गावे गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, देवाची जागा, मोहाची झाडे सोडून माणसे बाहेर आली, ती रानाला शांतता मिळावी म्हणून. त्याच रानाच्या कडेला आपण शनिवारी रात्री डीजे लावावा, याला काय म्हणावे? विस्थापन योग्य की अयोग्य, हा वाद मोठा आहे आणि मी तो इथे उघडत नाही. परंतु ज्यांनी घरे सोडली त्यांच्यापुढे आपल्या करमणुकीचे समर्थन मला तरी करता येणार नाही.

मग तिथे दोन दिवस करायचे काय? कोलकासला विश्रामगृहाच्या ओट्यावर बसले की खाली सिपना नदी वळण घेताना दिसते. सकाळी सात ते नऊ या वेळात तिथून हलू नये, एवढेच मी सांगेन. सफारी एकच करावी आणि वाघाची आशा धरू नये. हे ताडोबा नव्हे, इथले डोंगर आणि दाट झाडी वाघाला सहज लपवतात. त्यापेक्षा रानपिंगळा शोधावा. हे लहानसे घुबड 113 वर्षे कोणाला दिसले नव्हते, ते 1997 मध्ये शहादा परिसरात पुन्हा सापडले, आणि आज मेळघाट हे त्याचे एक महत्त्वाचे घर आहे. ते दिवसाउजेडी फिरते, त्यामुळे जाणता वाटाड्या असेल तर उघड्या फांदीवर बसलेले पाहायला मिळू शकते. वाटाड्या गावातलाच घ्यावा. जेवणही गावातच सांगावे, पण आदल्या दिवशी. ऐनवेळी दहा माणसांचा स्वयंपाक मागणे हा त्या घरावर अन्याय आहे. कुटकी या भरडधान्याचा भात मिळाला तर नाही म्हणू नये. चिखलदऱ्याहून परतताना गवळ्यांकडचा खवा घ्यावा, तो घरी पोहोचेपर्यंत उरत नाही.

आणि ज्यांना उघड्यावर रात्र काढायचीच आहे, त्यांच्यासाठी वनखात्याचा निसर्गानुभव आहे. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर संध्याकाळपासून सकाळपर्यंत बसायचे. डबा आणि पाणी आपले, कपडे मातकट रंगाचे, अत्तर नाही, टॉर्च नाही, आणि रात्रभर खाली उतरायचे नाही. मचाणे मोजकी असतात आणि नोंदणी लवकर भरते, म्हणून एप्रिलपासूनच वनखात्याच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. ज्यांना रात्रभर गप्प बसणे जमत नाही, त्यांनी मात्र ती जागा दुसऱ्यासाठी सोडावी.