तांबट व्हायचे असेल तर

पदवीनंतर नोकरीच्या मागे न लागता तरुणांनी तांबटकाम, म्हणजे तांब्याची भांडी घडवण्याचे काम, शिकावे, हे तांबटकामावरील एका लेखात वाचलेले आवाहन स्वागतार्ह असले, तरी त्यात या व्यवसायाचा हिशेब फारच घाईने उरकला आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी भांड्यावर नक्षीसारख्या खुणा उमटवण्याचे काम, चालते. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या कारागिरांची ही परंपरा आहे. तांब्याचा पत्रा ठोकताना कडक होत जातो, म्हणून तो वेळीच भट्टीत तापवून मऊ करावा लागतो, नाहीतर चिरतो; शिवाय मठाराचे ठोके एकसारखे पडण्यासाठी हात बसावा लागतो, आणि तो काही महिन्यांच्या प्रशिक्षणवर्गात बसत नाही. दुकानात मात्र भांडे बहुधा वजनावर विकले जाते, त्यामुळे या कौशल्याची किंमत पत्र्याच्या भावातच विरघळते. बंब आणि घंगाळाची मागणी गिझरने संपवली, हे तर उघडच आहे. दिवे, शोभेची भांडी आणि हॉटेलांसाठीच्या वस्तू, ज्यांची किंमत नगावर ठरते, तिकडे वळणाऱ्यालाच माझ्या मते यात पोट भरता येईल. सततच्या ठोक्यांनी ऐकू कमी येते, याचा उल्लेखही (लेखातील छायाचित्रांत कोणाच्याच कानांवर संरक्षण नाही) व्हायला हवा होता.