पार्किंगमध्ये स्वागताला कोण उभं राहणार?

आमच्या चर्चच्या मंडळीच्या पुस्तकांचं टेबल गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. टेबल म्हणजे संडे स्कूलचा जुना बाक, त्यावर एक चादर. उपासना सुटली की लोक चपला शोधता शोधता पुस्तकं चाळतात आणि परत ठेवतात. कॅलेंडरं आणि मुलांची रंगवायची पुस्तकं सोडली तर फारसं काही खपत नाही. ‘आपले लोक वाचतच नाहीत’ असं कमिटीत दरवर्षी कुणीतरी म्हणतं. मीही म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, एक पुस्तक परत आणून दिलं. मंडळी वाढवावी कशी, याबद्दलचं. इंग्रजीवरून मराठीत आणलेलं, गुळगुळीत कव्हरचं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. म्हणाले, “बाई, एवढंच वाचा.” लिहिलं होतं, नवीन कुटुंब आवारात शिरताच त्याच्या मनावर छाप पडली पाहिजे, म्हणून पार्किंगमध्येच हसतमुख स्वयंसेवक उभे करावेत. आमचे पाळकसाहेब चार वस्त्यांवरच्या मंडळ्या बघतात. एका ठिकाणी उपासना पत्र्याच्या शेडमध्ये होते, एका ठिकाणी कुणाच्या तरी पडवीत. पार्किंग म्हणजे लिंबाखाली लावलेली त्यांचीच मोटारसायकल. “स्वागताला कुणाला उभं करू? शेळीला?”

हसलो दोघंही. मग त्यांनी जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. आदल्या आठवड्यात एका वस्तीवरची बाई रात्री त्यांच्या दारात आली होती. तिचा सख्खा भाऊ गेला होता. माहेरचे लोक ख्रिस्ती नाहीत. दहाव्याला जाऊ का? गेले तर जेवू का? नाही जेवले तर भावजय काय म्हणेल, ती तर एकटीच उरलीय. पाळकसाहेबांच्या कपाटात नेतृत्वावरची पाच पुस्तकं आहेत, दशांशावरची, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्यावरची, तीन. तिच्या प्रश्नावर एक ओळ नाही. त्यांनी तिच्यासोबत प्रार्थना केली आणि स्वतःच्या हिमतीवर सांगितलं, “जा, भावजयीजवळ बस.” जेवणाचं मात्र तिच्यावर सोडलं. रात्रभर त्यांना झोप नव्हती, बरोबर सांगितलं की चूक.

आता गंमत बघा. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र उघडा, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं. सातव्या अध्यायाची सुरुवातच ‘तुम्ही मला ज्या गोष्टींविषयी लिहिलं त्यांविषयी’ अशी आहे, आणि आठव्यात मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा विषय. म्हणजे करिंथच्या लोकांनी पौलाला नेमकं हेच विचारलं होतं: पंगतीत बसायचं का? खायचं का? ज्याला आपण आज शास्त्र म्हणून वाचतो ते कुणीतरी दारात येऊन विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मंडळीच्या कामाची पुस्तकं अशीच जन्माला यायला हवीत, असं माझं मत आहे. आमच्या टेबलावर येतात ती उत्तरं, प्रश्न भलत्याच गावचे.

आपल्याकडे हे झालेलंच नाही असंही नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीलाच प्रसंग आहे: नवख्रिस्ती माणूस पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला काही का देत नाही? (तक्रार रास्तच होती.) त्या तक्रारीतून जवळजवळ अकरा हजार ओव्या आल्या, एका इंग्रज माणसाच्या हातून, मराठीत. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कशासाठी? केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना कळेल असं सोपं बायबल हवं होतं म्हणून. तिथल्याच बायकांनी छापखान्यात खिळे जुळवले. रमाबाई १९२२ साली गेल्या, अखंड बायबल १९२४ साली बाहेर आलं. आधी समोर बाई होती, मग पुस्तक आलं.

आणि आमच्या अनुवादित पुस्तकांत काय? ‘दररोज देवासोबत शांत वेळ घालवा.’ महिला मंडळात हे वाक्य मी मोठ्याने वाचलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, “शांत वेळ कुठून आणू? घरात सात माणसं.” मी म्हटलं, आजी, एकांत हो. “मग एकांत म्हणा की! तो पहाटे चुलीपुढं असतो.” एका शब्दाने पुस्तक परकं झालं होतं, एका शब्दाने घरात आलं. अनुवाद करणाऱ्याला दोष देत नाही, त्याला पानामागे काय मिळतं ते मला माहीत आहे. पण आपल्या भाषेत भक्तीसाठी शब्द कमी आहेत का? नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, आणि त्यांची पदं आपण ‘उपासना संगीता’तून दर रविवारी गातो. गाताना मराठी, प्रवचनाला उभे राहिलो की इंग्रजी वाक्यांना मराठी क्रियापदं.

मला विचाराल तर आपल्या भाषेतलं सेवेवरचं सर्वांत चांगलं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. चर्चच्या एकाही टेबलावर मी ते पाहिलेलं नाही. ते साहित्याच्या कपाटात गेलं, आपण सोडून दिलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं नीट वाचा. आधी ताटातूट, मग एकाच घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात. तो ताण, ते रुसवे, मग एकेक बंधन गळून पडणं, सगळं हसत हसत सांगितलंय. आध्यात्मिक वाढीचे सात टप्पे वगैरे काही नाहीत, माणूस बदलताना दिसतो. त्या वस्तीवरच्या बाईला हे पुस्तक दिलं असतं तर दहाव्याचं उत्तर नसतं मिळालं, पण आपल्याआधी कुणीतरी यातून गेलंय एवढं तरी कळलं असतं.

जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणत नाही. बाबा पदमनजींचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’ मला मनापासून आवडतं, पण त्यांची वादविवादाची पुस्तकं आज शेजाऱ्याच्या हातात द्यायला मी धजणार नाही. आणि मोबाइल, दारू, कर्ज, शहरात गेलेली मुलं यांवर एकोणिसाव्या शतकात कोण लिहिणार? आजचं चांगलं लिहिणारे आपल्यात होते, तर तिथेही आपली तऱ्हा. फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ टेबलावर ठेवलं तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उलटसुलट करून विचारलं, “हे कॅथलिक ना?” मी म्हटलं, मराठी आहे, वाचून बघा. त्यांनी जागेवर ठेवलं, अगदी हळू, गरम तवा ठेवावा तसं.

एक साधी गोष्ट कमिटीला सांगितली. टिळक पतिपत्नी, रमाबाई, पदमनजी यांच्या लिखाणाचा कॉपीराइट केव्हाच संपलाय. निवडक पानं मोठ्या टाइपात छापायला कुणाची परवानगी नको, फक्त कागदाचा खर्च. कमिटी म्हणाली, बघू. या ‘बघू’चा अर्थ मला नऊ वर्षांत पाठ झालाय.

म्हणून यंदा मी टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली. पुस्तक घ्या किंवा नका घेऊ, पाळकांना विचारायचा प्रश्न असेल तर लिहा, नाव घालू नका. पहिले दोन रविवार कोरी राहिली. तिसऱ्या रविवारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, ‘नवरा चर्चला येऊ देत नाही, दशांश त्याच्या पैशातून चोरून दिला तर चालेल का?’ आता सोळा प्रश्न झालेत. पाळकसाहेब दर महिन्याला एकाचं उत्तर कागदावर लिहून देणार आहेत, आम्ही झेरॉक्स काढणार. परवा आलेला सोळावा त्यांना वाचून दाखवला तर ते डोकं धरून बसले: ‘सून आपल्यातली नाही. माहेरी तिची मंगळागौर आहे. सासूने जायचं का, आणि गेलं तर झिम्मा खेळायचा का?’