बालहक्क आणि सरकारचे काम : एका फिरत्या संदेशाला उत्तर

बालहक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, मुलांचे भले आईवडिलांनीच पाहायचे असते, सरकार मध्ये पडले की पालकांचे हात बांधले जातात आणि आपल्या देशाला हे सारे परवडणारेही नाही, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवला जातो. त्यातील चारही विधाने तपासली पाहिजेत, कारण त्यांवर विश्वास बसला की सरकारला जाब विचारणेच थांबते.

पहिले विधान इतिहासाला धरून नाही. संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता १९८९ मध्ये स्वीकारली आणि भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली, हे खरे. परंतु त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १८८२ साली, महात्मा फुले यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेलीत तसा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानाला लागू केला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता.

दुसरे विधान अर्धे बरोबर आहे, आणि म्हणूनच ते अधिक दिशाभूल करते. मुलांच्या संगोपनाची पहिली जबाबदारी आईवडिलांची आहे, असे संहितेचे १८ वे कलमच सांगते. मात्र ती पार पाडण्यासाठी त्यांना साहाय्य करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असेही तेच कलम पुढे म्हणते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो आणि टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे दोघांनाही जावेच लागते. घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही निघतात. मग आई उसाच्या फडात असताना नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीपाशी, म्हणजे राहायच्या झोपडीपाशी, धाकट्या भावाला घेऊन बसते, पाणी भरते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, आणि टोळी परतेपर्यंत शाळेचे वर्ष संपत आलेले असते. या आईला लेकीच्या शिक्षणाची काळजी नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्यापुढे दुसरा मार्ग नाही, आणि तो मार्ग एकट्या कुटुंबाला काढता येत नाही. मुलांना गावातच ठेवून त्यांच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे यासाठीचे शिक्षण हमी कार्ड, हे दोन्ही उपाय त्यासाठीच निघाले. त्यांनी पालकांचा कोणता अधिकार हिरावला?

तिसऱ्या विधानाला स्वीडनचा अनुभव पुरेसा आहे. त्या देशाने १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर बंदी घातली, पण त्या कलमात पालकांसाठी शिक्षा ठेवली नाही. उलट दुधाच्या खोक्यांवर माहिती छापून ती घरोघरी पोहोचवली. कायदा म्हणजे तुरुंगच, ही समजूत चुकीची आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. संहितेचे चौथे कलम उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत खर्च करण्यास सांगते. नसलेला पैसा ते मागत नाही. केंद्राच्या अर्थसंकल्पात २००८-०९ पासून मुलांवरील तरतुदींचे स्वतंत्र विवरण असते, त्यामुळे कोणत्या खात्याने हात आखडता घेतला हे नागरिकांना पाहता येते. शिवाय पैसा वाचवण्यासाठी हक्क कापता येत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना, शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवलेल्या आणि ज्यांचे शुल्क सरकार भरते अशा २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारी महाराष्ट्र सरकारची फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. आणि अनेकदा अडचण रकमेची नसतेच, वेळेची असते. टोळ्या गेल्यानंतर मंजूर झालेल्या वसतिगृहावरही खर्च होतोच, परंतु ज्या मुलीसाठी ते काढले ती तोवर फडावर पोहोचलेली असते. म्हणून वसतिगृहाची मंजुरी आणि निधी दसऱ्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे पोहोचलाच पाहिजे, आणि तो पोहोचला नाही तर कोणत्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे हे त्याच आदेशात लिहिलेले असले पाहिजे.