‘खान्देशात पाऊसच नाही, टायरला ग्रिप कशाला?’ या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याच्या गाडीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडे आठ महिने पाऊस नसतो, म्हणून टायरला ग्रिप, म्हणजे खाचा, लागत नाहीत, रेसच्या गाड्याही गुळगुळीत टायरवरच पळतात, रुंद परफॉर्मन्स टायरला खाचांच्या किमान खोलीचा १.६ मिलिमीटरचा नियम लागू नाही. पासिंग झालेल्या गाडीचे टायर कोणी तपासू शकत नाही. आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवली की टायर फुटत नाही.

मी टायर विकत नाही. चाकांचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करतो, रोज कितीतरी टायर हाताखालून जातात. या मेसेजवर विसंबून माणसं पोराबाळांना घेऊन कन्नडच्या घाटात शिरतात, ते बघवत नाही म्हणून हे लिहितोय.

आधी रेसचं, कारण त्यात अर्धं खरं आहे. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर घासलेल्या टायरचं जास्त रबर जमिनीला टेकतं, आणि तिथे ब्रेक नव्या टायरइतकाच, कधी थोडा बराही लागतो. हे मी नाकारत नाही. पण फॉर्म्युला वनचा गुळगुळीत टायर मुळात तसाच घडवलेला असतो. त्याचं रबर मऊ, ते गरम करून गाडीला लावतात, आणि साधारण ३०५ किलोमीटरच्या शर्यतीत तो बदलावाच लागतो. पावसानं ट्रॅक ओला झाला की त्याच गाड्या आत येऊन खाचांचे टायर चढवतात. आपला टायर गोटा, म्हणजे गुळगुळीत, होतो तो झिजून. तोवर त्याचं रबर उन्हानं आणि वयानं कडक झालेलं असतं, आणि उरलेला थर इतका पातळ की खिळा सहज आरपार जातो.

राहिला पाऊस. ‘आठ महिने पाऊस नाही’ हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला सांगून बघा. मार्च ते मे दरम्यान वादळ येतं आणि उभी बाग तासाभरात आडवी करतं. तोच अवकाळी पाऊस महामार्गावरही पडतो, आणि तो जास्त वाईट. महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि गाड्यांचं सांडलेलं ऑइल पहिल्या सरीत भिजतं आणि डांबरावर साबणासारखा थर चढतो. टायरच्या खाचा म्हणजे पाण्याच्या गटारी आहेत. त्या बुजल्या की पाणी टायरखालून बाजूला जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो, आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं होतं. ज्याला हे एकदा अनुभवायला आलं, तो विसरत नाही.

हे कोणत्या वेगाला होतं याचा अंदाज नासाच्या अभ्यासकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरून बांधला होता. पाणी खाचांपेक्षा खोल असेल तर तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. ३२ पीएसआय दाबाला तो ताशी साधारण ९४ किलोमीटर निघतो. धुळे-जळगाव चौपदरी रस्त्यावर हा रोजचा वेग आहे. टायर रुंद असेल तर त्याला त्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो आणखी आधी तरंगू शकतो. म्हणजे परफॉर्मन्स टायरला खाचांची गरज जास्त, कमी नाही.

नियमाबद्दल मेसेज सरळ चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९४: खाचांची खोली दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर, बाकी वाहनांना १.६. टायर महाग आहे, रुंद आहे, त्यावर ताशी २७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाची ‘डब्ल्यू’ खूण छापलीय, म्हणून सूट मिळत नाही. आतलं कापड उघडं पडलेला किंवा फुगा आलेला टायरही याच नियमात बाद आहे.

पासिंगचं, म्हणजे फिटनेस तपासणीचं म्हणाल तर ते त्या दिवसापुरतं असतं. भाड्याच्या गाडीचं फिटनेस आठ वर्षं वयापर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. खासगी कारला पंधरा वर्षांनी आणि मग पाच-पाच वर्षांनी. मधल्या काळात टायर झिजायचे थांबतात का? असुरक्षित गाडी रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पंधराशे रुपयांपर्यंत दंड आहे, पासिंगचा कागद खिशात असला तरी.

एक प्रसंग सांगतो. अमळनेरचा एक मुलगा गाडी घेऊन आला. गाडी खाली बसवलेली, म्हणजे उंची कमी केलेली, सतरा इंची रिम, रुंद टायर. तक्रार एवढीच की गाडी डावीकडे ओढते. मी टायरकडे बघितलं तर तो म्हणाला, “टायर चांगला शे भाऊ.” बाहेरच्या खाचेत खोली मोजायचा गेज घातला, चार मिलिमीटर. खरंच चांगला वाटत होता. गाडी लिफ्टवर चढवली आणि आतल्या कडेला दोन बोटं रुंदीची पट्टी गोटा झालेली दिसली. एका जागी रबर संपून तार चमकत होती. गाडी अशी खाली बसवली की चाकं वरून आत कलतात आणि आतली कड एकटी भार घेते. तो महिन्यापूर्वीच आईला शिर्डीला नेऊन आला होता. तार बघितल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानंच तो तापतो. मेमध्ये रस्ता आधीच भाजत असतो. तापमान सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय चढतो, हे कंपन्यांनी गृहीत धरलेलं असतं. सकाळी गाडी हलवायच्या आधी, दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढी हवा भरा. दुपारी गरम टायरमधून हवा सोडू नका.

गोटा टायरला गरम पात्यानं नवी ग्रिप कापून देणारेही आहेत. ज्या ट्रक टायरवर तशी परवानगी छापलेली असते त्यात त्यासाठी जादा रबर ठेवलेलं असतं. कारच्या टायरमध्ये ते नसतं, पातं थेट तारेच्या थरावर जातं.

आज गाडी लावाल तेव्हा स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, पुढच्या चाकांची आतली कड टॉर्च मारून बघा. खाचेत आडव्या बारीक उंचवट्याच्या पट्ट्या असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर तो टायर संपला. कडेवर हात फिरवताना जपून, तार बाहेर आली असेल तर बोट कापतं.