मध्ये न्यूयॉर्क कुठून आलं?

निवृत्त बँकवाल्यांच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सातला गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि साडेसातला परराष्ट्र धोरण सुरू होतं. परवा विषय निघाला हुआवे या चिनी दूरसंचार कंपनीवरच्या अमेरिकेतल्या खटल्याचा. आमचे एक जुने चीफ मॅनेजर लिहितात, "चिनी कंपन्यांवर असेच गुन्हे दाखल झाले पाहिजेत. अमेरिकेकडून शिका." त्यावर दुसरे, हयात युनियनमध्ये घालवलेले, "सगळं थोतांड. फाइव्ह-जीमध्ये मागे पडले म्हणून केस घातली." दोघांनाही सारखेच अंगठे मिळाले. मी उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतेय. चहा घेऊन बसा.

माझी बरीचशी नोकरी ट्रेड फायनान्समध्ये, म्हणजे आयात-निर्यातीच्या पैशांच्या कामात गेली. एलसी, बिलं, स्विफ्ट मेसेज. भोसरीचे एक व्हॉल्व्ह बनवणारे ग्राहक होते. त्यांचा माल दुबईच्या जेबेल अली बंदराला गेला, दुबईच्या पार्टीने डॉलर पाठवले आणि पैसे अडकले न्यूयॉर्कच्या बँकेत. कारण काय, तर बिल ऑफ लेडिंगवरचं, म्हणजे मालाच्या जहाजी पावतीवरचं जहाजाचं नाव एका इराणी जहाजाच्या नावाशी मिळतंजुळतं होतं. त्या काळात इराणची जहाजं अमेरिकेचे निर्बंध चुकवायला सारखी नावं बदलायची, त्यामुळे तिकडच्या संगणकावर ऊठसूट 'हिट' यायचा. अकरा दिवस कागद पाठवत होतो. ग्राहक काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "मॅडम, माल माझा, भोसरीचा. पैसे देणारा दुबईचा. तुमची शाखा फोर्टात. मध्ये न्यूयॉर्क कुठून आलं?"

डॉलर कुठूनही कुठेही पाठवा, त्याचा हिशेब बहुतेक वेळा न्यूयॉर्कमधल्या बँकेतल्या खात्यांवर मिटतो. आपल्या बँकांचीही तिथे नॉस्ट्रो खाती, म्हणजे तिकडच्या बँकेत उघडलेली डॉलरची खाती असतात. म्हणजे आपला डॉलर क्षणभर का होईना, अमेरिकेच्या अंगणातून जातो आणि त्या क्षणापुरता तिथला कायदा त्याला लागतो. आपण इराणकडून तेल घ्यायचो तेव्हा सरकारलाही याच अंगणाला वळसा घालावा लागला होता. २०१२पासून त्या तेलाचे काही पैसे युको बँकेत रुपयांत जमा व्हायला लागले, ते उगाच नाही.

हे लक्षात ठेवलं की हुआवेची केस समजते. आरोप थोडक्यात असा : हाँगकाँगची स्कायकॉम नावाची कंपनी इराणमध्ये दूरसंचाराची कामं करत होती. हुआवे म्हणायची, ती आमची भागीदार आहे, बाकी संबंध नाही. प्रत्यक्षात स्कायकॉम हुआवेच्याच ताब्यात होती. रॉयटर्सने २०१२-१३मध्ये याच्या बातम्या दिल्यावर हुआवेची बँक एचएसबीसी अस्वस्थ झाली, कारण इराणच्या धंद्याचे डॉलर तिच्यामार्फत अमेरिकेतून गेले तर निर्बंध मोडल्याचा ठपका तिच्यावर आला असता. मग ऑगस्ट २०१३मध्ये हुआवेच्या अर्थप्रमुख मेंग वानझोऊ हाँगकाँगच्या एका रेस्टॉरंटमध्ये बँकेच्या अधिकाऱ्याला भेटल्या आणि दुभाष्या बरोबर घेऊन चिनी भाषेतलं पॉवरपॉइंट दाखवलं. स्कायकॉमशी आमचं नेहमीचं व्यावसायिक सहकार्य आहे, आम्ही सगळे नियम पाळतो, असा त्याचा आशय. पुढे त्या स्लाइड्सचा इंग्रजी अनुवादही बँकेला पोचता झाला.

अशा मीटिंगांना मी बसलेली आहे, रेस्टॉरंटात नव्हे, आमच्या रंग उडालेल्या केबिनमध्ये. पार्टी मोठी असली की झोनल मॅनेजर स्वतः काजूकतली मागवतात, प्रेझेंटेशन होतं, सगळे माना डोलावतात आणि नंतर फाइलवर नोट लिहायची वेळ माझ्यासारखीवर येते. 'पार्टीने खुलासा केला, तो समाधानकारक वाटतो.' त्या एका ओळीवर पुढची कोट्यवधींची उलाढाल चालते. म्हणून बँकेशी खोटं बोलणं ही मला किरकोळ बाब वाटत नाही. युनियनवाल्या मित्रांना माझं पहिलं सांगणं हे, की केस थोतांड नव्हती. २०२१मध्ये मेंगबाईंनी अमेरिकेच्या न्याय खात्याशी जो समझोता केला, त्यात स्कायकॉम हुआवेच्या ताब्यात होती आणि आपण बँकेला सांगितलं ते खरं नव्हतं, हे त्यांनी मान्य केलं. गुन्हा कबूल केला नाही, हकीकत कबूल केली. २०१० ते २०१४ या काळात स्कायकॉमचे सुमारे १० कोटी डॉलरचे व्यवहार अमेरिकेतून गेले होते.

आता चीफ मॅनेजर साहेबांकडे वळते. या प्रकरणात फसवली गेलेली बँक म्हणजे एचएसबीसी. याच एचएसबीसीने डिसेंबर २०१२मध्ये, म्हणजे त्या पॉवरपॉइंटच्या आठ महिने आधी, अमेरिकेला सुमारे १.९ अब्ज डॉलर भरून स्वतःवरचा खटला टाळला होता. मेक्सिकोच्या ड्रग टोळ्यांचा पैसा बँकेतून फिरला होता आणि इराणसकट निर्बंध असलेल्या देशांचे व्यवहारही झाले होते. त्यात एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही. फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने २०१४मध्ये निर्बंध मोडल्याचा गुन्हा कबूल करून जवळजवळ ९ अब्ज डॉलर भरले. तिथेही दंड बँकेने भरला, विमानतळावर कुणाच्या हातात बेड्या पडल्या नाहीत.

मेंगबाईंना मात्र १ डिसेंबर २०१८ला अमेरिकेच्या विनंतीवरून कॅनडाने व्हँकुव्हरच्या विमानतळावर पकडलं. त्या हाँगकाँगहून मेक्सिकोला निघाल्या होत्या, मध्ये विमान बदलायचं होतं. हुआवेचे संस्थापक रेन झेंगफेई यांची ही मुलगी. त्याच दिवशी ब्युनॉस आयर्समध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग जेवायला बसले होते आणि आयातशुल्काची लढाई नव्वद दिवस थांबवायचं ठरवत होते. मग २८ जानेवारी २०१९ला न्याय खात्याने आरोपपत्रं उघड केली. ब्रुकलिनच्या कोर्टात १३ आरोप, सिएटलच्या कोर्टात आणखी १०. दोनच दिवसांनी चीनचे उपपंतप्रधान व्यापाराच्या बोलण्यांसाठी वॉशिंग्टनमध्ये बसणार होते.

सिएटलची केस वेगळीच आहे, आणि जरा गमतीची. टी-मोबाइल या अमेरिकेतल्या मोबाइल कंपनीकडे फोन तपासणारा 'टॅपी' नावाचा रोबो होता, माणसाच्या बोटासारखा स्क्रीनवर टकटक करणारा. २०१३मध्ये हुआवेच्या एका इंजिनिअरने त्याचा हात लॅपटॉपच्या बॅगेत घालून नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. (आमच्या शाखेतलं स्टेपलर गेलं की परत येत नसे.) टी-मोबाइलने दावा लावला. २०१७मध्ये ज्युरीने करारभंगाबद्दल ४८ लाख डॉलर द्यायला लावले, पण चोरी दुष्ट हेतूने झाली असं म्हणायला ती ज्युरी तयार झाली नाही. दिवाणी कोर्टात मिटलेलं हे प्रकरण दीड-पावणेदोन वर्षांनी फौजदारी होऊन परत आलं. कायद्याने असं करता येतं. पण नेमकं तेव्हाच का, असं कुणी विचारलं तर तो चीनचा हस्तक ठरत नाही.

एवढं होऊनही मी म्हटलं असतं, असू दे, आरोप खरे आहेत तर खटला चालवा. पण ११ डिसेंबर २०१८ला ट्रम्प यांनी रॉयटर्सला मुलाखत दिली. देशाच्या फायद्याचं असेल, व्यापाराचा मोठा करार होणार असेल, तर मी या केसमध्ये नक्की हस्तक्षेप करेन, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. राष्ट्राध्यक्षानेच केसवर किमतीची चिठ्ठी लावली म्हटल्यावर सरकारी वकील कोर्टात कितीही कायद्याची भाषा बोलोत, समोरच्याने ती का ऐकावी? मेंगबाईंच्या वकिलांनी कॅनडाच्या कोर्टात हेच वाक्य पुढे केलं. त्यांच्या जागी मीही केलं असतं.

आणि चीनला हा भाव आधीपासून माहीत होता. झेडटीई आठवतेय? तीही चिनी दूरसंचार कंपनी, इराणला माल विकल्याबद्दल २०१७मध्ये गुन्हा कबूल केलेली. नंतर अटी मोडल्या म्हणून एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेने तिला सुटे भाग विकायला बंदी केली. कंपनी बंद पडायची वेळ आली. मे महिन्यात ट्रम्प यांचं ट्वीट आलं की तिला पुन्हा धंद्यात आणायचं बघतोय, चीनमध्ये फार नोकऱ्या जातायत. जूनमध्ये आणखी १ अब्ज डॉलर दंड घेऊन विषय मिटला. बाजारात एकदा घासाघीस करून भाव पाडला की पुढच्या वेळी गिऱ्हाईक छापील किमतीकडे बघतसुद्धा नाही.

घासाघीस करायला चीनने माणसं उचलली. मेंगबाईंच्या अटकेनंतर नऊ दिवसांनी मायकल कोवरिग आणि मायकल स्पॅव्हर या दोन कॅनेडियन नागरिकांना चीनने हेरगिरीच्या संशयावरून पकडलं. एक रजेवरचे राजनैतिक अधिकारी, दुसरे उत्तर कोरियाच्या सहली काढणारे. रॉबर्ट शेलेनबर्ग या तिसऱ्या कॅनेडियनाला ड्रगच्या गुन्ह्यात पंधरा वर्षं झाली होती, जानेवारी २०१९मध्ये फेरसुनावणी घेऊन ती शिक्षा फाशीची केली. मार्चमध्ये कॅनडाहून येणाऱ्या कनोला या तेलबियांवर गदा आली, म्हणजे भुर्दंड तिथल्या शेतकऱ्याला. मेंगबाई व्हँकुव्हरमध्ये स्वतःच्या बंगल्यात होत्या, पायात जीपीएसचं कडं, रात्री अकरा ते सकाळी सहा घराबाहेर पडायचं नाही. कोवरिग यांच्या कोठडीतला दिवा चोवीस तास चालू असायचा. दोन्हीला 'अटक' हाच शब्द आहे, काय करणार.

२४ सप्टेंबर २०२१ला समझोता झाला, बाई विमानात बसल्या आणि त्याच दिवशी दोन्ही मायकलही सुटले. १०१९ दिवसांनी. स्पॅव्हर यांना तर आदल्या महिन्यात अकरा वर्षांची शिक्षा सुनावलेली होती. मेंगबाईंना अमेरिकेच्या ताब्यात द्यायचं की नाही, यावर कॅनडाच्या न्यायाधीशांचा निकाल कधी आलाच नाही. मेंगबाईंवरचे आरोप डिसेंबर २०२२मध्ये रीतसर रद्द झाले आणि त्याआधीच त्या कंपनीच्या आळीपाळीने होणाऱ्या अध्यक्षांपैकी एक झाल्या होत्या. कंपनीवरची केस मात्र ब्रुकलिनमध्ये राहिली. जुलै २०२५मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी आरोप रद्द करण्याचा हुआवेचा अर्ज बहुतांशी फेटाळला आणि बरेचसे आरोप कायम ठेवले. म्हणजे थोतांड नव्हतं, हे मी पुन्हा सांगते.

"अमेरिकेकडून शिका" म्हणणाऱ्या साहेबांना एक घरचं उदाहरण. ईडीने एप्रिल २०२२मध्ये शाओमीचे ५,५५१ कोटी रुपये फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली जप्त केले. जुलैमध्ये विवोवर छापे पडले, आरोप ६२,४७६ कोटी रुपये बाहेर पाठवल्याचा. पुढे मनी लाँडरिंगखाली अटकाही झाल्या. कंपन्या आरोप नाकारतात. आकडे वाचून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण शाओमीचे पैसे २०१५पासून जात होते असं ईडीच म्हणते. एवढी रक्कम बाहेर जाते तेव्हा ती कुठल्यातरी बँकेतून जाते, माझ्यासारखंच कुणीतरी त्या अर्जांवर सही करत असतं, रिझर्व्ह बँकेला विवरणपत्रं जात असतात. २०१५ला कुणी काही विचारलं नाही. गलवान झालं जून २०२०मध्ये. त्याआधी आयपीएलच्या नावापुढे विवो होतं आणि आपण चौकार मोजत होतो.

रक्कम बेकायदा गेली असेल तर वसूल करा, माणसं आत टाका, माझी ना नाही. मला फक्त त्या २०१५च्या फाइलवरची नोट वाचायची आहे. 'खुलासा समाधानकारक वाटतो' असं त्यावर कुणी लिहिलं होतं?

जाता जाता, भोसरीच्या त्या ग्राहकांचे पैसे बाराव्या दिवशी आले. न्यूयॉर्कच्या बँकेने चौकशीचे पंचवीस डॉलर कापून घेतले होते. ते कुठल्या कायद्याने कापले, हे मला त्यांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही.