ईस्टचर्च : तुरुंगाच्या भिंतीआड गेलेले विमानतळ

इंग्लंडच्या केंट परगण्यात, थेम्स नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी शेपी नावाचे सखल, दलदलीचे बेट आहे. त्यावरील ईस्टचर्च या लहानशा गावाची ओळख आज तिथल्या तीन तुरुंगांमुळे आहे. ब्रिटिश विमानविद्येची पहिली घडी जिथे बसली ती जमीन या तुरुंगांखाली गेली, हे बाहेरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. आणि ज्यांना ठाऊक असते ते बहुधा डुकराची गोष्ट सांगून थांबतात.

ती गोष्ट खरी आहे. अशक्य गोष्टीबद्दल इंग्रजीत ‘डुकरे उडतील तेव्हा’ असे म्हणतात; ती म्हण खोटी पाडायला नोव्हेंबर १९०९ मध्ये मूर-ब्रॅबझन या ब्रिटिश वैमानिकाने विमानाला वेताची टोपली बांधून त्यातून डुकराचे पिल्लू उडवले. तथापि हा प्रकार ज्या मैदानावर घडला त्याचे खरे मोल मला निराळ्याच गोष्टीत दिसते. ईस्टचर्चजवळच्या लेझडाउन येथे एअरो क्लब या हौशी उड्डाणप्रेमींच्या ब्रिटिश संस्थेने १९०९ मध्ये मैदान घेतले आणि त्याला लागूनच हॉरेस, युस्टेस व ऑस्वाल्ड या शॉर्ट बंधूंनी कारखाना उभारला. लंडनमध्ये रेल्वेच्या कमानींखाली माणसे वाहून नेणारे फुगे शिवणारी ही मंडळी. त्यांच्याकडे राइट बंधूंच्या सहा विमानांचे काम आले, परंतु विमानाचे आराखडेच उपलब्ध नव्हते. तेव्हा हॉरेस फ्रान्समध्ये पो येथे गेले आणि तिथे असलेल्या राइट विमानाची मापे घेऊन त्यांनी स्वतः आराखडे तयार केले. एकाच नमुन्याची विमाने ओळीने बांधण्याचा इतका जुना उद्योग जगात क्वचितच सापडेल. त्या मे महिन्यात राइट बंधू स्वतः हे काम पाहून गेले. उड्डाणाचे श्रेय वैमानिकाच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो. लाकूड तासणारा, कापड ताणून बसवणारा आणि तारा आवळणारा कारागीर मात्र गोष्टीतून गळून जातो, आणि डुकराला जागा मिळते.

लेझडाउनची जमीन चरांनी कापलेली, म्हणून गैरसोयीची होती. फ्रँक मॅक्लीन या श्रीमंत हौशी वैमानिकाने ईस्टचर्चला शेतजमीन विकत घेऊन ती क्लबला वर्षाला एक शिलिंग अशा नाममात्र भाड्याने दिली. १९१० मध्ये क्लब आणि कारखाना दोन्ही तिकडे गेले. १९११ मध्ये मॅक्लीन यांनी नौदलाला स्वतःची विमाने वापरायला दिली आणि जॉर्ज कॉकबर्न या वैमानिकाने मोबदला न घेता चार अधिकाऱ्यांना उड्डाण शिकवले. त्यांपैकी सॅम्सन यांनी जानेवारी १९१२ मध्ये शेपीवरच्याच शीअरनेस बंदराजवळ नांगरलेल्या ‘आफ्रिका’ या युद्धनौकेवरून उड्डाण केले. तोवर नौदलाची उड्डाणशाळाही ईस्टचर्चला सुरू झाली होती. ज्या विद्येत सरकारने आधी पैसा घालायला हवा होता, तिची सुरुवात एका खासगी माणसाच्या खिशातून व्हावी, हे मला त्या सरकारला फारसे भूषणावह वाटत नाही.

(जाता जाता : याच शॉर्ट बंधूंच्या रॉचेस्टरच्या कारखान्यात बांधलेल्या फ्लाइंग बोटी १९३० च्या दशकाच्या अखेरीस कराचीहून कलकत्त्याकडे जाताना राजस्थानातील राजसमंद तलावावर उतरत असत.)

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. दोन्ही महायुद्धांत ईस्टचर्चचा तळ वापरात होता. १३ ऑगस्ट १९४० रोजी जर्मनांनी, लढाऊ विमानांच्या दलाचा तळ समजून, त्यावर बॉम्ब टाकले; प्रत्यक्षात तो हवाई दलाच्या ‘कोस्टल कमांड’ या किनारी विभागाचा होता. १९५० मध्ये तिथे स्टँडफर्ड हिल तुरुंग आला आणि नंतर स्वेलसाइड व एल्मली हे दोन तुरुंग त्याच्या शेजारी उभे राहिले.

यात कोणी जाणूनबुजून इतिहास पुसला असे मी म्हणणार नाही. वस्तीपासून दूर, सपाट आणि स्वस्त जमीन हवी म्हणून वैमानिक तिथे आले आणि तीच जमीन पुढे तुरुंगालाही सोयीची ठरली. १९५५ मध्ये गावात चर्चसमोर स्मारकही उभारले गेले. चर्चमध्ये चार्ल्स रोल्स आणि सेसिल ग्रेस या १९१० मध्ये गेलेल्या दोन वैमानिकांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी आहे. माझी तक्रार एवढीच की स्मरणाचा बराचसा भार वैमानिकांवर पडला आहे. आरंभीच्या काळातील काही हँगर, म्हणजे विमाने ठेवण्याच्या इमारती, तुरुंगाच्या हद्दीत अजून टिकून आहेत. स्टँडफर्ड हिल हा खुला तुरुंग आहे. तेव्हा सुरक्षेची व्यवस्था सांभाळून, वर्षातून एखाद-दोन दिवस त्या इमारती लोकांना पाहू देणे अशक्य नसावे, आणि तिथे लावायच्या माहितीफलकावर शॉर्ट बंधूंच्या कारखान्यातील कामाचे तपशील प्रथम यावेत.