मानवी हक्क शिकायचेत? आधी बँकेचं पत्र आणा

मानवी हक्क आणि लोकशाही या विषयात एमए करायचंय, आणि तेही शिष्यवृत्तीवर? फारच छान. जगाला तुमच्यासारख्यांची नितांत गरज आहे, असं प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं. त्या गरजेपोटी जग खिशातून किती काढायला तयार आहे, ते शेवटच्या पानावर बारीक टायपात असतं. तेव्हा माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचू नका. उत्साह टिकत नाही.

सुरुवात फोटो बघण्यापासून करा. १९९७ साली सुरू झालेला युरोपातला एक अभ्यासक्रम व्हेनिसच्या लिडो बेटावरच्या जुन्या मठात चालतो. त्याची भावंडं प्रिटोरिया, बँकॉक, बैरूत, येरेवान, ब्यूनोस आयर्सला आहेत. मठाचं अंगण मनात साठवा आणि एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय हे सांगणारा निबंध, लिहायला बसा.

एसओपीला दुःख लागतं. पण ते दिलेल्या शब्दमर्यादेत बसलं पाहिजे, आणि शेवटच्या परिच्छेदात त्यातून नेतृत्वगुण उगवले पाहिजेत. ज्यांच्यावर खरोखर अन्याय झालेला असतो ती माणसं फार पाल्हाळ लावतात. त्यांना गाळायला शब्दमर्यादा बरी पडते.

शिफारसपत्र भरायची लिंक थेट तुमच्या सरांना जाते. ती त्यांच्या स्पॅममध्ये जाईल. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं असलं तरी इंग्रजीची परीक्षा द्या. निकाल दोनच वर्षं चालतो, कारण तिसऱ्या वर्षी माणूस इंग्रजी विसरतो.

अनुभवाचे तास मोजून ठेवा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कामाच्या अनुभवाचे २,८०० तास लागतात. बिनपगारी कामही धरतात, हे मान्य करायला हवं. पण रस्त्यावर धरणं धरून बसलेल्या माणसाला हजेरीपट कोण देतो, एवढं कुणीतरी सांगा.

आता 'फंडेड', म्हणजे खर्च संस्था उचलणार, या भानगडीकडे येऊ. इथे माझा सल्ला जरा लांबेल, कारण जखम ताजी आहे.

जाहिरातीत 'फंडेड' दिसलं की लगेच अर्ज भरा. अर्जाला फी असेल, ती परत मिळणार नाही. फी माफ हवी असेल तर गरीब असल्याचा पुरावा जोडा: घरातल्यांचं उत्पन्न, कर भरल्याचे कागद, अधिकृत भाषांतर, त्यावर शिक्का. जोडा सगळं. मीही जोडलं. मग काही महिन्यांनी अभिनंदनाचं पत्र येईल. त्यात कळेल की फंडिंग म्हणजे निम्म्या ट्यूशन फीची माफी. उरलेली निम्मी फी, राहणं, विमा, विमानाचं तिकीट, व्हिसा, हे सगळं तुमचं तुम्ही बघायचं. आणि हो, जागा पक्की करायला वर्षभराचा खर्च तुमच्या खात्यात पडून असल्याचं बँकेचं पत्र पाठवायचं, तेही आठवड्याभरात!

म्हणजे बघा, त्याच माणसाने त्याच कार्यालयाला आधी आपण गरीब असल्याचं सिद्ध करून द्यायचं आणि मग श्रीमंत असल्याचं. दोन्ही कागद एकाच फायलीत लागतात आणि कुणालाही खटकत नाही.

मी विचारलं. उत्तरात 'आपली परिस्थिती आम्ही समजू शकतो' होतं आणि इतर संस्थांच्या शिष्यवृत्त्यांची यादी होती. यादीतल्या बहुतेकांच्या मुदती प्रवेशाचे निकाल लागायच्या आधीच उलटून गेल्या होत्या. मग पाठवता कशाला? कोण भरतंय ही यादी, आणि तारखा बघतंय का कुणी?

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं २६वं कलम म्हणतं की उच्च शिक्षण गुणवत्तेच्या आधारावर सर्वांना सारखंच खुलं असावं. १९६६च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या कराराचं १३वं कलम त्याच्याही पुढे जातं: उच्च शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत करत न्यावं. ही कलमं हेच लोक वर्गात शिकवतात. परीक्षेत त्यावर प्रश्न घालतात. आणि त्या वर्गात बसतो कोण? ज्याला या कलमांची कधी गरजच पडली नाही, तो. उरलेल्यांवर तो प्रबंध लिहितो.

नाही, सल्ले पुरे झाले. अभ्यासक्रम चालवणाऱ्यांनो, तुमच्याशीच बोलतो. तुमच्याकडे पैसे नाहीत, हा गुन्हा नाही. सरकारं हात आखडता घेतात, देणगीदार निघून जातात, कळतं सगळं. मग तसं लिहा ना! 'आम्ही निम्मी फी माफ करतो, महिन्याचा खर्च साधारण इतका येतो, तो तुम्हाला करावा लागेल.' दोन ओळी. युरोपियन युनियनची एरास्मस मुंडस शिष्यवृत्ती देणारे महिन्याला १,४०० युरो असा आकडा सरळ छापतात, म्हणजे छापता येतो. तुम्ही छापत नाही, कारण आकडा छापला तर अर्ज घटतील, आणि अर्ज घटले तर 'इतक्या देशांतून इतके अर्ज आले' हे मिरवता येणार नाही. गरिबांचे अर्ज तुम्हाला मोजायला हवे असतात, माणसं नको असतात. ही लबाडी आहे, आणि मानवी हक्कांच्या नावाने चालते म्हणून जास्त चीड येते. पुढची जाहिरात काढाल तेव्हा फंडेडच्या शेजारी आकडा घाला. नसेल घालायचा तर तो शब्द काढा, आणि ज्यांना पत्रातून फंडिंगचा खरा अर्थ कळला त्यांची अर्जाची फी परत करा.